हिमनदीचा हिशेब बांबूच्या काठीवर

परभणीतून वाहणारी गोदावरी पावसावर चालते. चिनाबचे तसे नाही. पावसाने ओढ दिली तरी वितळणारा बर्फ तिला सावरतो. तो साठा किती उरला, हे साध्या उपग्रह छायाचित्रावरून कळत नाही: विस्तार दिसतो, जाडी दिसत नाही. म्हणून हिमाचलातील छोटा शिग्री हिमनदीवर २००२पासून जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि फ्रान्सचे शास्त्रज्ञ बर्फात बांबूच्या काठ्या रोवून दरवर्षी मोजणी करत आले. काठी जितकी उघडी पडेल, तितका बर्फ गेला. उंचावर खड्डा खणून नव्या बर्फाचा थर मोजतात. मात्र एका वर्षाचा आकडा फसवा. एका चांगल्या पावसाळ्यावरून मराठवाड्याचा दुष्काळ हटला म्हणावे, तसाच. शिग्रीवरही काही वर्षी भर पडली. एकूण हिशेब घटीचाच निघाला.