पायांची शुश्रूषा रुग्णाच्या दारी : कायदा काय सांगतो आणि आम्ही काय करतो



आपल्या रुग्णालयातील परिचारिका मधुमेही व वयोवृद्ध रुग्णांच्या घरी जाऊन त्यांच्या पायांची शुश्रूषा करतात, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक आहे. या उपक्रमाविषयी तीन प्रश्न आम्हांस वारंवार विचारले जातात. विश्वस्त विचारतात, डॉक्टर सोबत नसताना परिचारिकेने रुग्णाच्या घरी असे काम करणे कायद्यात बसते काय? कुटुंबीय विचारतात, सिस्टर नखे कापतात, मग टाचेवरचा घट्टा त्याच वेळी का काढीत नाहीत? देणगीदारांचा प्रश्न अधिक सरळ असतो : नखे कापण्यासाठी धर्मादाय निधी कशाला? ही तिन्ही उत्तरे एकमेकांत गुंतलेली असल्याने ती एकत्र मांडण्यासाठी अहवालाची ही पाने आम्ही योजिली आहेत.

पायाकडेच लक्ष का?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. दीर्घकाळ साखर वाढलेली राहिली की पायातील मज्जातंतू दुर्बल होतात व संवेदना हळूहळू नाहीशी होते. पायात खिळा रुतला, चप्पल चावली, नवरात्रात अनवाणी चालताना तापलेल्या फरशीचा चटका बसला, तरी रुग्णास ते कळत नाही. दुखत नाही म्हणून तो थांबत नाही, आणि थांबत नाही म्हणून जखम वाढत जाते.

वेदना ही शरीराची राखणदार आहे, हे वैद्यकशास्त्रास पटवून देण्यात आपल्याच देशातील कुष्ठरोग सेवेचा मोठा वाटा आहे. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी असे दाखवून दिले की, कुष्ठरुग्णांच्या पायांचे व्रण प्रत्यक्ष रोगामुळे होत नसून बधिर पायावर रोज पडणाऱ्या दाबामुळे व दुर्लक्षित इजांमुळे होतात. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांनी हेच ज्ञान मधुमेही रुग्णांच्या पायांसाठी वापरले.

मधुमेहामुळे पाय कापावा लागतो, तेव्हा सुमारे ८५ टक्के वेळा त्याआधी पायावर व्रण झालेला असतो. म्हणजेच शस्त्रक्रियेपूर्वी बहुधा काही आठवडे वा महिने असे असतात की ज्यांत पाय वाचविता आला असता. आमचा सारा उपक्रम या काही आठवड्यांसाठी आहे.

घरीच का?

ज्यांच्या पायांस सर्वाधिक धोका असतो, तेच रुग्ण बाह्यरुग्ण विभागात सर्वांत कमी येतात. दृष्टी अधू झालेली, वाकता न येणारी, जिना उतरताना दुसऱ्याचा आधार लागणारी ही मंडळी. त्यांना आणावयाचे तर घरातील एका कमावत्या माणसाचा दिवस मोडतो आणि रिक्षाचे भाडे वेगळे. परिणामी पाय दाखविण्यासाठी ते येतात तेव्हा पायास वास सुटलेला असतो.

घरी गेलेल्या परिचारिकेस असे बरेच काही दिसते, जे दवाखान्यात दिसत नाही. घट्ट झालेली जुनी चप्पल, न्हाणीघरातील निसरडी फरशी, पाय शेकण्यासाठी ठेवलेली गरम पाण्याची पिशवी, भोवरीवर लावलेली औषधी पट्टी व घट्टा खरवडण्यासाठी वापरलेले दाढीचे पाते. बधिर पायाच्या जखमांची सुरुवात बहुधा अशाच वस्तूंपासून होते.

कायद्याची चौकट

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. 'परिचारिकेने घरी जाऊन पायांची शुश्रूषा करावी' असे शब्दशः सांगणारे कलम आपल्या कायद्यात शोधू गेल्यास मिळणार नाही. आपल्या राज्यात परिचारिकांची नोंदणी महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ अन्वये होते. शिक्षणाचा दर्जा देशपातळीवर भारतीय परिचर्या परिषद अधिनियम, १९४७ अन्वये ठरत आला आहे. त्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोग अधिनियम संमत केला. या कायद्यांचा भर परिचारिका कोण, तिचे शिक्षण कोणते व तिची नोंद कोठे, यावर आहे. कामांची यादी ते देत नाहीत. पाय धुणे, तपासणे, नखांची निगा, मलमपट्टी, रुग्णास व कुटुंबास शिकविणे ही परिचर्येच्या शिक्षणातील मूलभूत कामे होत. रुग्णालयाच्या कक्षात ती करता येतात आणि रुग्णाच्या घरी करता येत नाहीत, असा भेद हे कायदे करीत नाहीत.

मर्यादा येते ती दुसऱ्या बाजूने. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ नुसार नोंदणीकृत डॉक्टराखेरीज अन्य कोणासही वैद्यकीय व्यवसाय करता येत नाही. उल्लंघनास एक वर्षापर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही अशी शिक्षा आहे. रोगाचे निदान करणे व उपचार ठरविणे हे म्हणून डॉक्टरांचे काम. तसेच औषधांविषयीच्या १९४५ च्या नियमांनुसार अनुसूची 'एच' मधील औषधे, ज्यांत बहुतेक प्रतिजैविके येतात, नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. जखम चिघळली आहे हे सिस्टरना दिसले, तरी गोळीचे नाव त्यांनी स्वतः लिहून द्यावयाचे नसते.

या दोन बाजूंना जोडणारा दुवा २५ मार्च २०२० रोजी मिळाला. त्या दिवशी प्रसृत झालेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांनी आरोग्यसेवकाच्या मध्यस्थीने होणाऱ्या सल्ल्यास स्पष्ट मान्यता दिली, आणि 'आरोग्यसेवक' या संज्ञेत परिचारिकेचा नावाने समावेश केला. परिचारिका रुग्णाजवळ, डॉक्टर दूरध्वनीवर अथवा पडद्यावर, रुग्णाची संमती घेतलेली, आणि निर्णयाची जबाबदारी डॉक्टरांची, अशी ही व्यवस्था आहे. घरी गेलेली परिचारिका त्यामुळे एकटी राहत नाही.

दुसऱ्या देशांनीही हीच रेषा वेगवेगळ्या रीतीने आखली आहे. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने जुलै २००५ मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केले की, नख व भोवतालची त्वचा निरोगी असेल आणि मधुमेहासारख्या आजारामुळे विशेष देखभालीची गरज नसेल, तर नखे कापणे ही वैद्यकीय क्रिया नव्हे. २००८ साली त्याच देशाने आरोग्य विम्यात अशी तरतूद केली की, डॉक्टरांच्या सूचनेवरून प्रशिक्षित परिचारिकेने मधुमेही रुग्णाच्या पायांची किमान ३० मिनिटे शुश्रूषा केल्यास रुग्णालयास त्याचे शुल्क मिळावे. यातून बोध असा की, नखे कापणे हे कोणासाठी साधे व कोणासाठी जोखमीचे, हे समोरच्या पायावर ठरते.

आपल्या राज्यातही या कार्याची परंपरा आहे. नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांचा पुढाकार असलेल्या 'स्टेप बाय स्टेप' या उपक्रमात २००४ पासून डॉक्टर व परिचारिका यांच्या जोड्यांना मधुमेही पायाच्या देखभालीचे एकत्र शिक्षण देण्यात आले. शिक्षण जोडीस द्यावे, एकट्यास नव्हे, हा विचार आम्हांस मोलाचा वाटतो.

घरी काय केले जाते, काय नाही

वरील चौकटीस अनुसरून आम्ही आमचे नियम ठरविले आहेत. प्रत्येक रुग्णास आधी डॉक्टरांनी तपासलेले असावे आणि घरच्या भेटीचा लेखी आदेश केसपेपरवर असावा, ही पहिली अट. भेटीस जाणारी परिचारिका नोंदणीकृतच असते. ब्युरोकडून येणाऱ्या मदतनीस बाईंनाही घरोघरी 'सिस्टर' म्हटले जाते; त्यांच्या सेवेविषयी आम्हांस आदर आहे, परंतु नोंदणी व शिक्षण ही वेगळी गोष्ट आहे. आपल्या घरी कोणतीही परिचारिका येवो, नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये.

भेटीत परिचारिका कोमट पाण्याने पाय धुते, बोटांच्या बेचक्या कोरड्या करते आणि तळपायासह सर्व बाजू पाहते. १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू टेकवून ती संवेदना तपासते, पायावरील व घोट्याजवळील नाडी पाहते. नखे सरळ रेषेत कापते, कोपरे खोल कोरीत नाही. भेगांना स्निग्ध मलम लावते, मात्र बोटांच्या बेचक्यांत नाही. चप्पल-बुटांच्या आत हात फिरवून टोचणारे काही आहे का, हे पाहते. डॉक्टरांचा आदेश असल्यास मलमपट्टी बदलते. शेवटी घरातील एका व्यक्तीस हे सर्व शिकविते, कारण परिचारिका अधूनमधूनच येऊ शकते, पाय मात्र रोज पाहावा लागतो.

आता कुटुंबीयांच्या प्रश्नाचे उत्तर. घट्टा अथवा भोवरी पात्याने काढणे, आत वाढलेले नख कापून काढणे, जखमेतील मृत भाग छाटणे ही कामे आम्ही घरी करू देत नाही. बधिर पायावरील घट्ट्याखाली पुष्कळदा व्रण दडलेला असतो, आणि पायाचा रक्तपुरवठा कमी असल्यास लहानसा छेदही भरून येत नाही. रक्तस्राव झाला तर तो आवरण्याची साधने रुग्णालयात आहेत, घरी नाहीत. सिस्टर 'नाही' म्हणतात तेव्हा तो आळस वा अडवणूक समजू नये, ही नम्र विनंती.

पुढील लक्षणे दिसल्यास भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णास आणावे : काळी पडलेली त्वचा, दुर्गंधी, पसरणारी लाली, ताप, अचानक सुजून गरम झालेला पाय, अथवा थंड व फिकट पडलेला पाय. दुखत नसले तरी आणावे.

जबाबदारी कोणाची?

घरी झालेल्या सेवेची जबाबदारी रुग्णालयाचीच आहे, याविषयी विश्वस्तांच्या मनात शंका नसावी. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या व्ही. पी. शांता प्रकरणातील निर्णयानुसार, काही रुग्णांकडून शुल्क व काहींना मोफत सेवा देणारी रुग्णालये ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात, आणि मोफत सेवा घेणारा रुग्णही त्यांचा ग्राहक ठरतो. निर्धन रुग्णाच्या घरातील भेटीची नोंद म्हणूनच खासगी कक्षातील रुग्णाइतक्याच काटेकोरपणे ठेवली जाते. वापरलेल्या सुया व रक्त-पू लागलेल्या पट्ट्या परिचारिका रुग्णालयात परत आणतात आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे त्यांची विल्हेवाट लावली जाते.

निधी कशासाठी?

देणगीदारांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही हिशेबाच्या भाषेत देऊ इच्छितो. रुग्णाचा पाय कापावा लागला, तर शस्त्रक्रिया, खाटेचे भाडे व औषधे यांची रक्कम रुग्णालयाच्या जमेच्या बाजूस येते; ती रुग्ण भरतो, विमा कंपनी भरते अथवा शासकीय योजना भरते. तोच पाय परिचारिकेच्या भेटींमुळे वाचला, तर तिचे वेतन, प्रवासखर्च व साहित्य खर्चाच्या बाजूस दिसते आणि जमेस काहीच येत नाही. वाचलेल्या पायासाठी ताळेबंदात रकाना नाही.

शासकीय योजनांचा आधार येथे अपुरा पडतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशान्वये धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखावयाच्या असतात. ही व्यवस्था अत्यंत उपकारक असली तरी ती खाटांवर आधारलेली आहे. जो रुग्ण खाटेपर्यंत येऊच नये म्हणून आम्ही झटतो, त्याच्यासाठी खाटेच्या हिशेबात जागा नाही. ही उणीव आपली देणगी भरून काढते.

कायद्याने परवानगी दिली म्हणून सेवा आपोआप उभी राहत नाही. तीसाठी शिकलेली परिचारिका, फोन उचलणारा डॉक्टर, वेळेवर मिळणारे वाहन आणि रोज संध्याकाळी आजीआजोबांचे पाय उजेडात पाहणारे घरातील कोणीतरी, असे चौघे लागतात. पहिल्या तिघांची तरतूद आपल्या सहकार्याने आम्ही करू. चौथ्याची जागा मात्र कुटुंबीयांनीच घ्यावयाची आहे. हा अहवाल वाचून बाजूस ठेवल्यावर घरातील ज्येष्ठांचे तळपाय आपण एकदा निरखून पाहिलेत, तर या पानांचे सार्थक झाले असे आम्ही समजू.



प्रशासन विभागाच्या वतीने