हवनकुंडाचा परवाना

निजामाच्या राज्यात ‘उमूर-ए-मजहबी’ नावाचं खातं होतं. मशिदींबरोबर काही देवळांनाही अनुदान देणारं, आणि नवं प्रार्थनास्थळ बांधायचं तर ज्याच्याकडे अर्ज करावा लागे असं. मुक्तिसंग्रामावर लिहिताना आपण रझाकारांपाशी रेंगाळतो. मला मात्र कित्येक वर्षं ओढ आहे ती या खात्याची. हातात काठी न घेता, अर्जावर शेरा मारून ते माणसांना नमवत असे.

नियम सर्व धर्मांना सारखाच आहे, असं सरकार सांगे. कागदावर ते खरंही होतं. पण आर्य समाजाने घराघरांत हवन सुरू केलं आणि प्रश्न उभा राहिला: हवनकुंड म्हणजे प्रार्थनास्थळ का? असेल तर त्याला परवाना हवा! निलंग्यात १९३५ मध्ये समाजाचं मंदिर आणि हवनकुंड पाडल्याचं आर्य समाजी इतिहासकार लिहितात. निलंगा आणि उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यात होते. आज ते ज्या लातूर जिल्ह्यात आहेत, तो झाला १९८२ मध्ये.

उदगीरचे वकील भाई श्यामलाल आणि त्यांचे बंधू भाई बन्सीलाल या भांडणातले पुढारी. समाजाचे प्रचारक सगळेच गोडबोले होते असं नाही. शुद्धीच्या प्रचाराला धार होती आणि समोरून तबलीगही, म्हणजे इस्लामचा प्रचार, तितक्याच जोरात चालू होती. तरी स्वतःच्या अंगणात समिधा जाळायला सरकारी सही का लागावी, या प्रश्नाला सरकारजवळ धड उत्तर नव्हतं. श्यामलाल डिसेंबर १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात वारले. हा मृत्यू छळामुळे झाला, असा समाजाचा आरोप होता. त्याच महिन्याच्या अखेरीस लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली सोलापुरात आर्य परिषद भरली आणि १९३९ च्या सत्याग्रहात हजारो लोक तुरुंगात गेले. हवनकुंड, ओम् ध्वज, मंदिरं, प्रचार: मागण्या एवढ्याच.

या सत्याग्रहाचे आठवे सर्वाधिकारी होते विनायकराव विद्यालंकार, म्हणजे हैदराबादचे आर्य समाजी पुढारी केशवराव कोरटकर यांचे चिरंजीव. त्यांची तुकडी निघण्याआधीच ऑगस्टमध्ये सत्याग्रह थांबला. पुढे १९५२ मध्ये बुर्गुल रामकृष्णराव यांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री झाले. आणि याच मंत्रिमंडळाच्या काळात, हैदराबाद राज्य मोडण्याच्या अगदी तोंडावर, विधिमंडळाने नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याचा १९५६ चा कायदा केला. सतरा जणांचं मंडळ. त्यात शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीचे, हजुरी खालसा दिवाणाचे प्रतिनिधी, शीख खासदार, निवडून आलेले थोडे आणि सरकारनियुक्तही. हेतू कारभार सुरळीत ठेवण्याचा होता, हे मान्य. पण शेरा मारणाऱ्या खात्याशी झुंजलेली माणसं सत्तेत असताना शासनाला गुरुद्वाऱ्याच्या बैठकीत खुर्ची मिळाली, ही गोष्ट मला फार बोचते.

सरकार आणि धर्म यांचा वाद इतरत्र वेगळं रूप घेतो. अमेरिकेत पॉटकेट नगरपालिकेने उभारलेल्या येशूजन्माच्या देखाव्यावरून भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी तो देखावा टिकला. तिथला वाद सरकारने देखावा मांडावा का, असा. आपल्याकडे देखावा लोकांचाच असतो. वाद असतो तो परवानगीचा.

२०२० च्या दसऱ्याला करोनाकाळात हल्लाबोल मिरवणुकीसाठी नांदेडचं गुरुद्वारा मंडळ आधी सर्वोच्च न्यायालयात आणि मग मुंबई उच्च न्यायालयात गेलं. मार्च २०२१ मध्ये होळीच्या हल्ला महल्ल्याला परवानगी नाकारली, तेव्हा जमावाने अडथळे तोडले आणि पोलीस जखमी झाले. त्या हिंसेचं समर्थन होऊच शकत नाही. साथीत गर्दी रोखणं हे सरकारचं कामच.

मंडळावरच्या ताब्याचं मात्र तसं नाही. २०१५ मध्ये १९५६ च्या कायद्याचं कलम ११ बदलून अध्यक्ष नेमण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला आणि मुलुंडचे भाजप आमदार तारासिंग अध्यक्ष झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या मसुद्यात सतरापैकी बारा सदस्य सरकारनियुक्त होते. नांदेडपासून अमृतसरपर्यंत विरोध उसळल्यावर तो बाजूला ठेवावा लागला.

मला त्याहून बोलकी वाटते ती २०२३ ची नेमणूक. सरकारने नांदेडच्या जिल्हाधिकाऱ्यांनाच गुरुद्वाऱ्याचे प्रशासक केलं. ते शीख नाहीत म्हणून ओरड झाली आणि त्यांच्या जागी निवृत्त शीख सनदी अधिकारी आले. वाद धर्मावरच संपला. पण जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतो. ती नेमणूक टिकली असती आणि पुन्हा साथ आली असती, तर हल्लाबोलसाठी अर्ज करणारा आणि त्यावर शेरा मारणारा अधिकारी एकच असता.