तळाची पलटण वर कशी आली?

मुलांनो, तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत पहिल्याच सामन्यात हरलेला संघ तुम्ही पाहिलाच असेल. औसा असो की उदगीर, कंधार असो की देगलूर, परतताना जीपमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तोंडं सुटतात. ‘तू पकड सोडलीस!’ ‘तू उगाच चढाईला गेलास!’ आठ दिवसांनी मैदानावर चारच गडी उरतात. हरण्यापेक्षा हे चार उरणं जास्त वाईट, नाही का?

हरणाऱ्या संघाचं नेमकं काय बिघडतं, ते आधी पाहू.

मैदानात सात गडी असतात. एक बाद झाला की साखळी मोडते, कोपरा उघडा पडतो आणि समोरच्याची पुढची चढाई सोपी होते. मग दुसरा जातो, तिसरा जातो. बाहेर बसलेला गडी आत यायचा तर आपल्याला समोरचा गडी बाद करावा लागतो. पण आत उरलेले घाबरलेले! चढाईला जाणारा मधल्या रेषेजवळच घुटमळतो आणि रिकाम्या हातानं परततो. शेवटी सगळे बाद होतात, लोण चढतो आणि समोरच्याला दोन गुण जादा मिळतात. आहे की नाही घसरगुंडी?

पण गंमत अशी, की याच खेळात एक शिडीही आहे. तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना तुम्ही पकड केली, तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. यालाच सुपर टॅकल म्हणतात. म्हणजे तिघंच उरलोत म्हणून रडायचं, की आता पकड दुप्पट मोलाची झाली म्हणून सरसावायचं, हे तुम्ही ठरवायचं.

आता एका खऱ्याखुऱ्या संघाची गोष्ट ऐका. संघाचं नाव पुणेरी पलटण. प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली, तेव्हा तीत आठ संघ होते. पलटण कितवी आली? आठवी! २०१५ साली? पुन्हा आठवी! २०१६ साली दोन हंगाम झाले. मनजीत छिल्लर कर्णधार होता आणि दोन्ही वेळा संघ तिसरा आला. वाटलं, आता जमलं. पण २०१९ साली बारा संघांत पलटण घसरून दहावी झाली.

मग बदललं काय? खेळायची रीत बदलली, मुलांनो. बऱ्याच संघांत एकच हुकमी चढाईपटू असतो. तो आत आहे तोवर सगळे वाघ. तो बाद होऊन बाहेर बसला, की बाकीचे सहा एकमेकांची तोंडं बघत बसतात. आपल्या शाळेच्या संघातही असंच होतं, हो ना?

२०२१-२२ च्या हंगामात पलटणीकडं राहुल चौधरी, नितीन तोमर अशी मोठी नावं होती. पण संघानं भरवसा टाकला तो अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या नव्या पोरांवर. अस्लम श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा, म्हणजे खेड्यातलाच. हे दोघं चढाई तर करायचेच, पण पकडीलाही उभे राहायचे. पंकज मोहिते, आकाश शिंदे असे आणखी चढाईपटूही संघात होते. एक बाद झाला तरी दुसरा तयार! कुणा एकाच्या खांद्यावर सगळं ओझं नाही.

लगेच जिंकले का? नाही. १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत पलटण पहिल्यांदा अंतिम सामना खेळली आणि जयपूरकडून २९-३३ अशी हरली. अस्लम आणि मोहित दोघंही दुखापतीमुळं बाहेर होते. तरीही फरक होता फक्त चार गुणांचा. मुख्य गडी नसतानाही संघ कोसळला नाही, हे ध्यानात ठेवा.

पुढच्या हंगामात प्रशिक्षक बी. सी. रमेश यांनी रीत तीच ठेवली. कर्णधार झाला अस्लम. पकडीसाठी इराणचा मोहम्मदरेझा शादलुई आला. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत अंतिम सामना झाला. आपल्या नांदेडहून तर पुण्यापेक्षा हैदराबादच जवळ! पंकजनं एकाच चढाईत चार गुण आणले आणि पलटणीनं हरियाणाला २८-२५ असं हरवलं. तळाचा संघ दहाव्या हंगामात विजेता झाला.

आता कुणी म्हणेल, ‘मग पुढं जिंकतच गेले असतील!’ तसं नाही. २०२४ च्या अखेरीस अस्लमला पुन्हा दुखापत झाली आणि संघ आठवा आला. २०२५ मध्ये मात्र पुन्हा अंतिम फेरीत पोचला आणि दिल्लीकडून २८-३१ असा थोडक्यात हरला. म्हणजे आत्मविश्वास एकदा मिळाला की कायमचा पेटीत ठेवता येत नाही. तो रोज सरावानं कमवावा लागतो.

तेव्हा पुढच्या सरावात एक करून बघा. तुमच्या सगळ्यांत चांगल्या चढाईपटूला दहा मिनिटं रेषेबाहेर बसवा आणि बाकीच्यांना खेळू द्या. मग तिघांनीच पकड करायचा सराव करा. पहिल्या दिवशी फजिती होईल. होऊ द्या! पण ज्या पोराला आजवर कुणी चढाईला पाठवलंच नव्हतं, तो एखादा गडी मारून परत येईल. त्या वेळी त्याचा चेहरा बघा आणि मग सांगा, तुमच्या संघात चढाईपटू खरंच एकच होता का?