काळी शीप, पांढरी शीप

माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. आपल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं. एकदा विकतचा तक्ता भिंतीला लावून मी मेंढीच्या चित्रावर छडी टेकवली. कापसाच्या बोंडासारखी पांढरीशुभ्र, गुबगुबीत मेंढी. मेंढरांमागं हिंडणारा धनगराचा मुलगा म्हणाला, "बाई, हे कुत्रं हाय."

त्याच्या वाड्यातली मेंढरं काळी, काटक पायांची, लोंबत्या कानांची. मी त्याला कागद आणि काळा तेलखडू दिला. त्यानं काढलेली मेंढी अख्ख्या वर्गानं ओळखली. मी बोट ठेवून म्हटलं, "शीप." तो शब्द त्या वर्गाला पुन्हा शिकवावा लागला नाही.

चित्रामुळे मराठी शब्दाची मध्यस्थी लागत नाही. वस्तू आणि इंग्रजी शब्द थेट जोडले जातात. पण चित्रच अनोळखी असेल तर मुलानं आधी चित्र शिकायचं, मग शब्द. हे दुहेरी ओझं सहा वर्षांच्या जिवावर का टाकायचं?

चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांनी १६५८ साली न्यूरेंबर्गला मुलांसाठी सचित्र पुस्तक काढलं, लॅटिन आणि जर्मन भाषांत. चित्रातल्या वस्तूंना आकडे, आणि तेच आकडे शब्दांना. मुळाक्षरं प्राण्यांच्या आवाजांवरून. 'बी'शेजारी बें-बें करणारं कोकरू. मुलाच्या कानांना-डोळ्यांना जे ठाऊक आहे, तिथूनच सुरुवात.

सुरुवात, शेवट नव्हे. एकच चित्र दाखवत राहिलं तर 'शीप' म्हणजे फक्त काळी मेंढी, असं मुलं धरून बसतात. म्हणून मी एका शब्दाची चार-पाच चित्रं करते: चरणारी, बसलेली, कोकराला पाजणारी. मध्येच शेळी घालते आणि विचारते, "इज इट अ शीप?" "नो!" असा गलका होतो, तेव्हा शब्दाची हद्द पोरांना कळलेली असते. शब्द आधी कानावर, मग तोंडात, अक्षरं त्यानंतर. 'रन', 'जंप' यांना मात्र कागद पुरत नाही. त्यासाठी आम्ही पटांगणात जातो.

पंधरा दिवसांनी मी तक्त्यातली ती पांढरी मेंढी कापून कार्डांत मिसळली. मुलं कार्डांचे गठ्ठे लावत होती. धनगराच्या पोरानं ती उचलली, क्षणभर निरखली आणि आपल्या काळ्या मेंढीशेजारी ठेवली.

"हीबी शीपच हाय, बाई."