पेशींची डागडुजी

मानवी शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. पेशीच्या केंद्रकात डीएनएचे लांब धागे असतात; त्यांच्या ठरावीक भागांस जनुके म्हणतात. हे धागे अधूनमधून तुटतात. पण काही जनुकांच्या साहाय्याने पेशी ते पुन्हा सांधते. ही डागडुजी जन्मभर अखंड चालू असते.

डागडुजी करणाऱ्या जनुकातच बिघाड झाला तर? तर चुका साचत जातात आणि एखादी पेशी बेसुमार वाढू लागते. हाच कर्करोगाचा आरंभ होय. जनुकातील अशा बदलास उत्परिवर्तन म्हणतात. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांवर प्रयोग केले. स्तनाचा कर्करोग व आनुवंशिकता यांचा संबंध ओळखणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. पुढे १९९४ व १९९५ साली ‘बीआरसीए-१’ व ‘बीआरसीए-२’ या जनुकांचा शोध लागला आणि त्या संबंधाचे एक कारण उघड झाले. तथापि बहुतेक रुग्णांत हा रोग वारशाने आलेला नसतो.

या रोगावर पुष्कळदा शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार करतात. प्रखर क्ष-किरण पेशींतील धागे तोडतात. रोगट पेशी डागडुजीत दुबळी असल्याने मरते. निरोगी पेशी बहुधा सावरते. तिला सावरण्यास अवधी मिळावा, म्हणून किरणांची मात्रा एकदम न देता थोडी थोडी, अनेक दिवसांत विभागून देतात. तरीही निरोगी भागास काही इजा पोहोचतेच. त्वचा लाल होते, थकवा येतो. हा त्रास बहुधा काही आठवड्यांत ओसरतो. क्वचित पुढे त्या जागेचे मांस घट्ट होते.

हा त्रास सर्वांस सारखा होत नाही. बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात. एक मातेकडून, एक पित्याकडून. ‘एटीएम’ नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असलेल्या विरळा व्यक्तीस किरणांची नेहमीची मात्राही घातक ठरते. याउलट बीआरसीए जनुकाची एकच प्रत सदोष असेल, तर निरोगी पेशी दुसरीच्या बळावर आपले काम चालवतात; म्हणून अशा स्त्रियांस किरणांचा त्रास विशेष अधिक होत असल्याचे आढळलेले नाही.

यास्तव घराण्यात हा रोग असल्यास ते डॉक्टरांस आधीच सांगावे. त्रास झाला तर तो लपवू नये आणि भीतीपोटी उपचार अर्धवट सोडू नयेत.