अडलेला प्रश्न गुरुजींपर्यंत कसा जाणार?

गेल्या श्रावणातली गोष्ट. बाजारच्या दिवशी एस.टी.च्या थांब्यावर ओळखीच्या एक बाई भेटल्या. सोबत आठवीतली मुलगी होती. बाई म्हणाल्या, "ताई, हिला काही गणित येत नाही. दिवाळीनंतर शाळेतनं काढावी म्हणते. शेतात तेवढाच हात होईल."

मी मुलीला विचारले, "काय अडतं गं तुझं?" पोर बराच वेळ चपलेने माती उकरत राहिली. मग हळूच म्हणाली, "अपूर्णांकांचा भागाकार. सहावीत शिकवला तेव्हा मी कांद्याच्या लागणीला घरी होते."

"मग गुरुजींना विचारायचं नाही का?"

"सगळी हसली असती. आणि गुरुजी म्हणाले असते, तेव्हा कुठं होतीस?"

गुरुजी तसे म्हणाले असते की नाही, कोण जाणे! पण त्या भीतीपोटी पावणेदोन वर्षे एक प्रश्न पोरीच्या पोटात राहिला, आणि त्यापायी तिची शाळा सुटायची वेळ आली.

मंडळी, यात आपलाही हात आहे. गुरुजींचा मान राखायचा म्हणजे त्यांच्यासमोर तोंड उघडायचे नाही, असेच आपण मुलांना शिकवतो. शाळेत जाऊन "चांगलं बडवा, पण शिकवा" असे सांगणारे पालक अजूनही भेटतात. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना मारण्याला आणि टाकून बोलण्यालाही बंदी घातली आहे. मार थांबला तरी धाक मात्र मुलांच्या मनात घर करून बसतो. आणि घरचा बाप शाळेत गुरुजींसमोर टोपी हातात धरून मुकाट उभा राहिला, की पोरगेही तेच शिकते.

साने गुरुजींचे उदाहरण इथे आठवते. 1924 साली ते खानदेशात अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. पुढे त्यांच्याकडे वसतिगृह आले. मुलांच्या खोल्या झाडाव्यात, अंथरुणे आवरावीत, आजारी मुलाच्या उशाशी बसावे, अशी त्यांची रीत. आईबापांपासून लांब राहणारी मुले त्यांच्याजवळ मन मोकळे करीत, यात नवल ते काय? शिवाय ते मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. रोज हाताने लिहायचे, हे काम सोपे नव्हे. 1930 साली ते शाळा सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत गेले. अमळनेरातली ही वर्षे सहाच, पण ती मुले त्यांना विसरली नाहीत.

सगळेच शिक्षक साने गुरुजी कसे होणार? एकेका गुरुजींकडे दोन-दोन, तीन-तीन वर्ग असतात. त्यात निवडणूक आली, जनगणना आली, की तीही कामे त्यांच्याच माथी. म्हणून निम्मी वाट आपण चालली पाहिजे. लागणीला, काढणीला मूल घरी ठेवावेच लागले, तर आधी गुरुजींना सांगावे आणि काय बुडणार ते विचारून घ्यावे. घरात आजारपण असेल, बाप उसाच्या तोडीला गेला असेल, तर तेही कळवावे. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावे. मोबाइलवर शाळेचा गट असतो खरा, पण त्यावर सूचना तेवढ्या येतात. पोराचे दुखणे चारचौघांत कोण लिहिणार? जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समिती असते. कायद्याप्रमाणे तिच्यात किमान पाऊण सभासद पालक आणि निम्म्या बायका असतात. त्या बैठकीला जाऊन नुसती सही करून परतू नये.

आणि संध्याकाळी "मार्क किती पडले?" याच्या जोडीला "आज गुरुजींना काय विचारलंस?" हेही विचारून पाहा.

त्या बाई पुढच्या आठवड्यात शाळेत गेल्या. जायला लाजत होत्या, पण गेल्या. गुरुजींनी मधल्या सुट्टीत मुलीला जवळ बसवले, तिच्याच डब्यातली अर्धी भाकरी पुढे ठेवली आणि विचारले, "यात चतकोर किती?" पोर म्हणाली, "दोन." गुरुजी म्हणाले, "झाला की भागाकार!"

हे मला बाईंनीच सांगितले. यंदा कांद्याची लागण त्यांनी शनिवार-रविवार धरून करायची ठरवली आहे. जोडीला शेजारच्या दोघीजणी इर्जिकीने येणार आहेत.