तुलेतला देह, टेबलावरची कवटी

गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ भरतो. गुरूच्या याच फेऱ्यात, बारा वर्षांनी एकदा, कुंभकोणमला महामहम हा उत्सव असतो; मागचा २०१६ मध्ये झाला. तिथल्या महामहम कुंडाच्या काठाने १६ मंडप आहेत. ते बांधवून घेतले गोविंद दीक्षितांनी. तंजावरच्या अच्युतप्पा आणि रघुनाथ या नायक राजांचे ते प्रधान. एका मंडपाच्या छतावर तुलापुरुषदानाचं शिल्प आहे. एका पारड्यात राजा, दुसऱ्यात त्याच्या भाराइतकं सोनं, असा हा विधी.

त्या शिल्पाचं मोल कळायला सतराव्या शतकातलं एक डच चित्र शेजारी ठेवून बघावं. १६५१ मध्ये लायडनच्या डाव्हिड बायी या ६७ वर्षांच्या चित्रकाराने स्वतःला रंगवलं. या चित्रात आधी चित्रकार कोण ते शोधायचं. डावीकडे हातात काठी घेऊन बसलेला तरुण तोच वाटतो. रंगवताना हात टेकवायची ती काठी. पण त्याने टेबलावर एक छोटं लंबगोल चित्र उभं धरलं आहे आणि त्यात एक वयस्क गृहस्थ आहे. १६५१ मधला खरा बायी हा! समोर जिताजागता बसलेला तरुण केव्हाच सरला आहे, आणि जो हयात आहे तो चौकटीत जाऊन बसला आहे. टेबलावरच्या कवटीपेक्षा ही अदलाबदल मला जास्त हलवते.

मग टेबलाकडे वळावं. नुकतीच विझलेली मेणबत्ती, वाळूचं घड्याळ, कलंडलेला पेला, गुलाब, कवटी, वर तरंगणारे साबणाचे फुगे. शिवाय नाणी आणि मोती. यातलं काहीही बरोबर नेता येत नाही, हे तेव्हाच्या डच माणसाला सांगावं लागत नसे. अशा चित्रांची तिथे रीतच होती.

देह आणि सोनं तुलेतही समोरासमोर येतात. पण बायीची नाणी टेबलावरच पडून राहतात, तुलेतलं सोनं मात्र तोलून झालं की राजाचं उरत नाही. ते दान होतं. नाशवंत देहाचं वजन हेच इथे पुण्याचं माप ठरतं.

खुद्द दीक्षित आणि त्यांच्या पत्नी नागंबा यांच्या मूर्ती कुंभकोणमजवळ पट्टीश्वरमच्या तेनुपुरीश्वर मंदिरात आहेत. नायककाळातल्या दात्यांच्या मूर्ती पाहताना चेहरा हुबेहूब आहे का, यात अडकू नये. हात आणि जागा बघावी. बायीचा तरुण आपल्याकडे पाहतो. हात जोडलेला दाता देवाकडे. तो गेल्यावरही त्याचा नमस्कार चालू राहावा, रोजची पूजा त्याला घडावी, यासाठी ती मूर्ती. म्हणून तिच्यासमोर थांबण्यापेक्षा तिच्या शेजारी उभं राहावं आणि ती पाहते तिकडे पाहावं.